ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला मागील संरक्षक दांडा बसविताना

गेल्या गळीत हंगामात जानेवारी महिन्यात एका गावचा शेतकरी मेळावा आटोपून आम्ही रात्री जीपने परत येत होतो. वळण संपता संपता चालकाने करकचून ब्रेक दाबला. पुढे उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. चाक पंक्चर झाले होते आणि ट्रॅक्टरचालक ते खोलण्यात गुंतला होता. खूण म्हणून मागे बाभळीची एक फांदी ठेवलेली होती, ती आम्हाला जीप थांबल्यावर दिसली. जीपचे नाक आणि उसाचे शेंडे यांच्यात फार तर हातभर अंतर राहिले होते. मी चालकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मागचा दिवा आहे की. मोळ्यांनी झाकला गेला." खाली वाकून पाहिले तर दिवा खरोखरच होता, शिवाय तो चालूही होता.

मी ऊस पिकविण्याचे शास्त्र शिकवितो. ट्रॉली बांधणे हा माझा विषय नाही. परंतु तोडलेला ऊस शेतात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो, तेव्हा तोडणीनंतर २४ तासांच्या आत ऊस गाळपास गेला पाहिजे, हे आम्हीच आपणास सांगत आलो आहोत. त्यामुळे रात्रीची वाहतूक टळत नाही. ती टळत नसेल तर निर्धोक कशी करावी हे सांगणेही आमचे काम ठरते. या विषयावर कृषी अभियांत्रिकीतील सहकाऱ्यांशी तसेच ट्रॉली बांधणाऱ्या कारागिरांशी चर्चा करून ही माहिती येथे देत आहे.

अपघात कसा होतो?

ट्रॉलीचा हौदा जमिनीपासून बराच उंच असतो. मोटारीचे बॉनेट त्यापेक्षा ठेंगणे असते. मोटार मागून आदळली की तिचा पुढचा भाग ट्रॉलीला न अडता सरळ हौद्याखाली शिरतो आणि हौद्याची लोखंडी कड मोटारीच्या काचेवर, म्हणजे आत बसलेल्यांच्या छाती-डोक्याच्या पातळीवर येते. मोटारीचा पुढचा भाग चेपून धक्का शोषला जावा अशी तिची रचना असते. पण तो भाग कशाला टेकलाच नाही, तर त्या रचनेचा उपयोग होत नाही. मोटारसायकलस्वाराला तर कसलाच आडोसा नसतो.

हे एका हिशोबाने पाहू. मोटार ताशी ८० किलोमीटर वेगाने येत आहे आणि ट्रॉली ताशी १८ किलोमीटरने चालली आहे. दोघांमधील अंतर ताशी ६२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर या गतीने कमी होते. न दिसणारी ट्रॉली चालकाला ४० मीटरवर दिसली तर त्याच्या हाती सव्वादोन सेकंद उरतात. धोका लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो आणि त्यात २६ मीटर संपतात. उरलेल्या १४ मीटरमध्ये वेग पुरेसा कमी होत नाही, कारण त्यासाठी चांगल्या ब्रेकलाही सुमारे २५ मीटर लागतात. अर्थात टक्कर होतेच. तीच ट्रॉली १५० मीटरवरून दिसली तर चालकाला साडेआठ सेकंद मिळतात आणि तो सहज सावरतो.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, ट्रॉली लांबून दिसली पाहिजे. दुसरी, तरीही टक्कर झालीच तर मोटार हौद्याखाली घुसता कामा नये. मागील संरक्षक दांडा, ज्याला आपण बंपर म्हणतो, तो नीट बसविला तर दोन्ही कामांना उपयोगी पडतो.

ही कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत १९५३ साली मालट्रकच्या मागे असा दांडा लावण्याचा नियम झाला, पण त्यात दांडा जमिनीपासून ३० इंचापर्यंत उंच ठेवण्यास मुभा होती. १९६७ साली लुइझियाना राज्यात जेन मॅन्सफिल्ड ही चित्रपट अभिनेत्री बसलेली मोटार एका मालवाहू ट्रेलरच्या मागे घुसली व त्यात तिचा मृत्यू झाला. तेव्हापासून तिकडे या दांड्याला तिच्याच नावाने ओळखतात. पुढे १९९८ पासून नव्या ट्रेलरसाठी ही उंची २२ इंचांवर आणण्यात आली. आठ इंचांचा हा फरक किरकोळ वाटेल, परंतु मोटार अडणार की घुसणार हे त्यावरच ठरते.

प्रथम परवानगी

ट्रॉली हे नोंदणी झालेले वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. जीप आणि पिकअप गाड्यांना लावल्या जाणाऱ्या अनधिकृत लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याबाबत केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळविले होते. म्हणून ट्रॉलीला दांडा बसविण्यापूर्वी ट्रॉली बांधणाऱ्या कारखानदाराशी बोलावे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी. नवी ट्रॉली घेणार असाल तर दांडा कारखानदाराकडूनच बसवून घेणे सर्वांत उत्तम. दांडा हौद्याच्या लांबी-रुंदीच्या बाहेर येऊ नये.

जागा व मापे

१) उंची : रिकाम्या ट्रॉलीत दांड्याची खालची कड जमिनीपासून ५० सें.मी. ठेवावी, कोणत्याही परिस्थितीत ५५ सें.मी. पेक्षा जास्त नको. मोजणी सपाट जागेवर, चाकांत योग्य हवा भरून करावी. ट्रॉली भरल्यावर पाटे दबून दांडा आणखी काही सें.मी. खाली येतो, हे लक्षात ठेवावे.

२) रुंदी : दांडा दोन्ही मागील चाकांच्या बाहेरच्या कडांपर्यंत असावा. प्रत्येक बाजूस १० सें.मी. पेक्षा आखूड नसावा, तसेच चाकाच्या बाहेरही येऊ नये. मोटार बहुधा कोपऱ्यावर आदळते, कारण चालक शेवटच्या क्षणी गाडी वळवितो. मध्यभागीच बसविलेला आखूड दांडा त्या वेळी कामाचा नाही.

३) खोली : दांडा हौद्याच्या मागील कडेपासून ३० सें.मी. पेक्षा जास्त आत नसावा. जितका आत, तितकी मोटार हौद्याखाली जास्त शिरणार.

४) शेतातील अडचण : मागील टायर जेथे जमिनीला टेकतो तेथून दांड्याच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणून पाहावी. तुमच्या वाटेवरील बांध, चारी व ओढ्याचा चढ या दोरीच्या रेषेत आडवा येत असेल तर दांडा घासणार. अशा वेळी दांडा उंच बसविण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी वाट सारखी करून घ्यावी किंवा पुढे सांगितलेला उचलता येणारा दांडा करून घ्यावा.

साहित्य

सहा फूट रुंदीच्या ट्रॉलीसाठी साधारण पुढील साहित्य लागते.

आडवा दांडा : १०० × ५० मि.मी. चॅनेल, १.८ मीटर, वजन सुमारे १७ किलो.
उभे आधार : त्याच चॅनेलचे ४५ सें.मी. चे दोन तुकडे, सुमारे साडेआठ किलो.
तिरपे आधार : ५० × ५० × ६ मि.मी. अँगल, ६० सें.मी. चे दोन तुकडे, सुमारे साडेपाच किलो.
प्लेटा : २०० × १५० × १० मि.मी. च्या चार, सुमारे साडेनऊ किलो.
बोल्ट : १६ मि.मी. जाडीचे आठ, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले, सोबत जाड वायसर व नायलॉनचे नट.

एकूण वजन सुमारे ४० किलो भरते. लोखंड वजनावर मिळते, तेव्हा त्या दिवशीचा भाव विचारून खर्चाचा अंदाज घरीच काढता येईल. काही ठिकाणी जुना पाईप किंवा पोकळ पातळ चौकोनी नळी वापरतात. ती दिसायला ठीक असते, पण धक्का बसताच मध्ये दुमडते. लोखंड वाचवू नये.

बसविण्याची पद्धत

१) ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून सपाट, कठीण जागेवर उभी करावी. ट्रॉली रिकामी असावी. सर्व चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. दोन चाकी ट्रॉलीचा पुढचा दांडा भक्कम घोडीवर टेकवून बांधून ठेवावा, नाही तर मागे वजन पडताच ती उलटते. चॅसिसलाही मागे घोड्यांचा आधार द्यावा, केवळ जॅकवर विसंबून खाली जाऊ नये.

२) चॅसिसचा मागील भाग तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करावा व नीट तपासावा. गंजाने पातळ झालेला पत्रा, जुन्या वेल्डिंगजवळील तडे, पाट्याच्या खुंट्याजवळील झीज दिसल्यास प्रथम ती दुरुस्त करावी. कुजक्या चॅसिसला लावलेला मजबूत दांडा चॅसिससह तुटून पडतो.

३) चॅसिसच्या दोन्ही चॅनेलच्या मधल्या उभ्या भागावर प्लेट ठेवून खडूने छिद्रांच्या खुणा कराव्यात. छिद्रे चॅनेलच्या वरच्या किंवा खालच्या आडव्या पट्टीत पाडू नयेत, कारण भार पेलण्याचे मुख्य काम त्या पट्ट्या करतात. छिद्र कडेपासून किमान ३० मि.मी. आत असावे. गॅसने छिद्र पाडू नये, ते वेडेवाकडे होते व तेथून तडा जातो. सेंटर पंच मारून ड्रिलनेच १७ मि.मी. चे छिद्र पाडावे.

४) उभे आधार प्लेटांना खाली, म्हणजे ट्रॉलीपासून दूर, वेल्ड करून घ्यावेत. प्लेट व आधार गुण्यात आहेत याची खात्री करून आधी फक्त टाके मारावेत, माप पुन्हा पाहावे आणि मगच सलग वेल्डिंग करावे. एकाच बाजूने सलग वेल्डिंग केल्यास लोखंड ओढले जाऊन वाकते, म्हणून बाजू बदलत जावे.

५) चॅसिसच्या बाहेरून एक व आतून एक अशा प्लेटा लावून प्रत्येक बाजूस चार बोल्ट घालावेत. आतील प्लेटमुळे भार पसरतो व चॅनेलचा पत्रा फाटत नाही. बोल्ट प्रथम हातानेच लावून ठेवावेत.

६) आडवा दांडा दोन जॅकवर घेऊन उभ्या आधारांशी जुळवावा. चॅनेलची सपाट बाजू मागे यावी. पाणसळ लावून दांडा आडवा आहे व दोन्ही टोकांची जमिनीपासूनची उंची सारखी आहे हे पाहून टाके मारावेत.

७) तिरपे आधार प्रत्येक उभ्या आधाराच्या खालच्या टोकापासून पुढे व वर चॅसिसकडे जावेत. हा भाग बरेचजण गाळतात. उभा आधार एकटा असेल तर मागून धक्का बसताच तो चॅसिसजवळून पुढे दुमडतो आणि दांडा चाकाखाली जातो. खरा जोर हा तिरपा आधारच घेतो.

८) आता बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला २० किलो वजन लावल्याइतका जोर पुरतो. पहिल्या दोन खेपांनंतर व पुढे दर पंधरा दिवसांनी बोल्ट तपासावेत.

९) दांड्याची दोन्ही टोके प्लेटने बंद करून घासून गोल करावीत. कापलेल्या चॅनेलचे उघडे टोक पायी जाणाऱ्यास किंवा दुचाकीस्वारास कोयत्यासारखे कापते.

१०) दांड्याच्या वरच्या कडेवर आतील बाजूस उतरती पट्टी वेल्ड करून घ्यावी, म्हणजे त्यावर कोणाला बसता येणार नाही. ऊसतोड कामगारांची मुले आणि शाळेत जाणारी पोरे चालत्या ट्रॉलीला लोंबकळतात हे आपण रोज पाहतो. इतरांच्या जिवासाठी लावलेला दांडा त्यांना बसायला जागा होऊ नये.

वेल्डिंग करताना

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली असताना वेल्डिंग करू नये. करावेच लागल्यास ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा काढून ठेवाव्यात. वेल्डिंगची अर्थिंगची पकड जोडकामाच्या अगदी जवळ लावावी. ती दूर लावल्यास वीज चाकाच्या बेअरिंगमधून जाऊन ते खराब करते. हवा भरलेल्या चाकाच्या रिमजवळ वेल्डिंग किंवा गॅस कटर चालवू नये, तापलेला टायर फुटून माणूस दगावू शकतो. चॅसिसच्या आडव्या पट्टीवर आडवे वेल्डिंग करू नये, तेथे ताण साचतो व चॅनेल तुटते. जवळपास पाचट असेल तर ते आधी दूर करावे व पाण्याची बादली जवळ ठेवावी.

डंपिंग ट्रॉली व दोन ट्रॉल्यांची जोडी

साखर कारखान्यावर क्रेनने ऊस उतरविला जातो, तेथे पक्का दांडा अडचण करीत नाही. पण शेणखत, मुरूम किंवा धान्य वाहणाऱ्या डंपिंग ट्रॉलीचा हौदा मागे कलतो, तेव्हा त्याची मागची कड खाली येते. दांडा हौद्याला लावला तर तो जमिनीत रुततो आणि चॅसिसला लावला तर फाळका त्यावर आपटतो व माल दांड्यावर साचतो. अशा ट्रॉलीसाठी वर उचलून खिळीने अडकविता येणारा दांडा करावा लागतो. तो माहितगार कारागिराकडूनच करून घ्यावा. खिळी साखळीने ट्रॉलीलाच बांधलेली असावी आणि रस्त्यावर येताना दांडा खाली घेऊन खिळी घातल्याशिवाय निघू नये. हौदा उचललेला असताना त्याला लाकडी किंवा लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली हात घालू नये. हायड्रॉलिकचा पाईप फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

दोन ट्रॉल्या जोडून नेताना पुढच्या ट्रॉलीचा दांडा मागच्या ट्रॉलीच्या जोडदांड्याला वळणावर अडतो. म्हणून दांडा शेवटच्या ट्रॉलीला असावा आणि नेहमी तीच ट्रॉली मागे जोडावी. बसविल्यावर मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंस पूर्ण वळण घेऊन पाहावे.

दिसणे महत्त्वाचे

दांडा घासून त्यावर रेड ऑक्साईडचा एक व रंगाचे दोन हात द्यावेत. त्यावर संपूर्ण रुंदीभर ५० मि.मी. रुंदीची प्रमाणित लाल परावर्तक पट्टी चिकटवावी. मागे लाल, बाजूला पिवळी व पुढे पांढरी असा क्रम असतो. उसाचे शेंडे हौद्यावरून खाली लोंबले तरी दांडा त्यांच्याखाली असल्याने पट्टी बहुधा उघडी राहते, हा याचा मोठा फायदा. तरीही मोळ्या हौद्याबाहेर येणार नाहीत अशाच भराव्यात.

मागचे दिवे दांड्याच्या आतील बाजूस जाळीच्या पेटीत बसवावेत. त्यांची वायर नळीतून न्यावी आणि अर्थिंगची वेगळी तार ट्रॅक्टरपर्यंत आणावी. केवळ हुकाच्या लोखंडावर विसंबल्यास दिवे कधी लागतात, कधी विझतात. मंदगती वाहनासाठी नारिंगी मध्यभाग व लाल कडा असलेला त्रिकोणही मागे लावता येतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात कृषी अभियंत्यांनी ट्रॅक्टरसाठीच तो तयार केला होता.

पट्टीवर चिखल व उसाचा रस बसला की ती चमकत नाही. रोज निघण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसावी. या कामाला मिनिटभरही लागत नाही.

मर्यादा

गावच्या दुकानात बनविलेल्या दांड्याची धडक-चाचणी झालेली नसते, त्यामुळे तो प्रमाणित दांड्याची बरोबरी करीत नाही. भरधाव मालट्रक आदळला तर तो वाकेल किंवा तुटेल. दांडा आहे म्हणून ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी करण्यास हरकत नाही, असे कोणी समजू नये. चाक पंक्चर झाले तर शक्य तितके रस्त्याखाली उतरावे, मागे ५० पावलांवर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि एक माणूस बॅटरी घेऊन बाजूला उभा करावा. काम झाल्यावर चाकाखाली लावलेले दगड आठवणीने उचलून बांधाकडे टाकावेत. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यात राहतात आणि पहाटे डेअरीला दूध घेऊन जाणारा गावचाच पोरगा त्यावर मोटारसायकल घालतो.

वर उल्लेख केलेला ट्रॅक्टरचालक हंगाम संपल्यावर भेटला. ट्रॉलीमालकाने दांडा बसवून घेतला होता. खर्च कसा काय केला असे विचारता मालक म्हणाले, "साहेब, एका खेपेला उसाच्या दोन मोळ्या कमी भरल्या तर माझं काही बुडत नाही. पण माझ्या ट्रॉलीखाली कुणाचं पोर गेलं, तर मी गावात राहू शकणार नाही."

हंगाम सुरू होण्यापूर्वी, ट्रॉल्या मोकळ्या असताना आणि कारागिरांना सवड असताना हे काम उरकून घ्यावे. एकदा तोड सुरू झाली की वेळ मिळत नाही, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे.